फ्लोरी यांची कंपन्यांतली बारा वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: भौतिक रसायनशास्त्रातलं एम.एस्सी. संपत आलंय आणि पॉलिमरमध्ये संशोधन करायचंय. समोर एका कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी आहे आणि पीएच.डी.सुद्धा. सगळे बजावतात की कंपनीत गेलात की मूलभूत विज्ञान सुटलंच. मग पॉलिमरवर काम करून नोबेल मिळवणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांच्या बाबतीत उलटं कसं घडलं? आणि त्यांना नोबेल नेमकं कोणत्या शोधासाठी मिळालं, हे एका वाक्यात कुठेच का सापडत नाही?

आधी नोबेलचं बघू, कारण ते नीट कळलं तर नोकरीच्या प्रश्नाला हात घालता येईल.

एका वाक्यात सापडत नाही, कारण तो एक शोध नाहीच. १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल फ्लोरींना एकट्यांना दिलं गेलं, आणि कारण म्हणून महारेणूंच्या (म्हणजे लहान कड्या जोडून झालेल्या लांब साखळ्यांच्या, पॉलिमरच्या) भौतिक रसायनशास्त्रातलं त्यांचं सैद्धान्तिक व प्रायोगिक असं दोन्ही प्रकारचं मूलभूत काम सांगितलं गेलं. हे म्हणजे जवळजवळ अख्ख्या विषयाचंच नाव झालं. नायलॉन त्यांचं नाही, ते वॉलेस कॅरोदर्स यांचं. महारेणू खरोखर असतात, ते लहान रेणूंचे पुंजके नव्हेत, हे हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून भांडून पटवलं. फ्लोरींचं काम त्याच्या पुढचं. साखळी असते हे मान्य. पण तिच्या वागण्यातलं किती केवळ ती लांब आहे म्हणून घडतं, आणि किती तिच्या कड्या कसल्या आहेत त्यावर ठरतं? द्रावण असो, रबर असो, जेल असो की वितळलेला पॉलिमर, ते पन्नास वर्षं याच प्रश्नामागे होते. कुठली गोष्ट हिशेबात धरायची यापेक्षा कुठली बेधडक सोडून द्यायची, हे ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही असं माझं मत आहे.

फ्लोरींचा जन्म १९१० चा, इलिनॉयमधल्या स्टर्लिंगचा. ओहायो स्टेट विद्यापीठात १९३४ मध्ये पीएच.डी. मिळाली ती नायट्रिक ऑक्साइडच्या प्रकाशरसायनावर. पॉलिमरचा त्यात मागमूस नव्हता. मंदीचे दिवस होते, नोकरी ड्युपाँट या रसायन कंपनीत मिळाली आणि विल्मिंग्टनला त्यांना कॅरोदर्स यांच्या गटात टाकण्यात आलं. ही केवळ नशिबाची गोष्ट, पण त्या गटामागे एक धोरण होतं. ड्युपाँटमध्ये चार्ल्स स्टाइन यांनी १९२७ मध्ये मूलभूत संशोधनाचा कार्यक्रम सुरू करून घेतला होता, आणि त्यासाठीच कॅरोदर्सना हार्वर्डहून आणलं होतं. कॅरोदर्स स्वतः सेंद्रिय रसायनवाले. पॉलिमर हा गणिताने हाताळता येण्याजोगा विषय आहे अशी त्यांची खात्री होती, आणि ते काम करायला भौतिक रसायनाची बैठक असलेला माणूस हवा होता.

त्या वेळची अडचण समजून घ्या. पॉलिएस्टर किंवा पॉलिअमाइड बनवताना तयार होतं ते मिश्रण: कुठे दहा कड्यांची साखळी, कुठे पाचशेची. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला शुद्ध पदार्थ आणि ठरलेला रेणुभार यांची सवय. त्याला हे मिश्रण म्हणजे घाण वाटे. शिवाय सर्वसाधारण समज असा की साखळी जितकी मोठी तितकं तिचं टोक मंद. अवजड रेणू हळू सरकतो, म्हणजे अभिक्रियाही हळूच करणार. हे खरं असतं तर प्रत्येक लांबीला वेगळा वेग-स्थिरांक लागला असता आणि हिशेब तिथेच संपला असता.

फ्लोरींनी १९३६ मध्ये उलटी भूमिका घेतली: टोकाची अभिक्रियाशीलता साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते. कारण असं की अख्खा रेणू मंद सरकत असला तरी त्याचं टोक आपल्या आसपास झपाट्याने हलत असतं. दोन टोकं एकमेकांजवळ यायला वेळ लागतो हे खरं, पण आली की तितकाच जास्त वेळ शेजारी राहतात आणि पुन्हा पुन्हा आदळतात. दोन्ही गोष्टींचा हिशेब जुळतो. पुढच्या काही वर्षांत त्यांनी एस्टर बनण्याचे वेग मोजून हे दाखवलंही.

एकदा हे मानलं की बाकी सगळं शाळकरी संभाव्यता. प्रत्येक टोकाची अभिक्रिया झाली असण्याची शक्यता सगळीकडे सारखीच धरायची. मग सरासरी साखळी किती लांब? ९९ टक्के टोकं जुळली असतील तर शंभर कड्या, ९९.५ टक्के जुळली तर दोनशे. शेवटच्या अर्ध्या टक्क्यात लांबी दुप्पट होते. पॉलिएस्टरच्या रिअॅक्टरवर टोकं जुळताना सुटणाऱ्या पाण्याचा शेवटचा अंश काढण्यासाठी माणसं निर्वात पंपाशी का झटत असतात ते यातून कळतं. आणि वजन-सरासरी (जड साखळ्यांना जास्त महत्त्व देणारी) भागिले संख्या-सरासरी (प्रत्येक साखळी सारखीच मोजणारी) हे गुणोत्तर अभिक्रिया पूर्णत्वाला जाईल तसं २ कडे जातं. जी.पी.सी.च्या (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या स्तंभाच्या) आलेखावर संघनन-पॉलिमरसाठी, म्हणजे पाण्यासारखा लहान रेणू सोडत जुळणाऱ्या पॉलिमरसाठी, २ च्या जवळचा आकडा दिसला की मी आजही निश्चिंत होतो, आणि ३ किंवा ४ दिसला की फांद्या फुटल्यात का किंवा नमुना नीट ढवळला गेलाय का ते शोधायला लागतो. हा २ फ्लोरींचा. तो कंपनीच्या प्रयोगशाळेत, पंचविशी-सव्विशीतल्या माणसाने काढला आणि लगेच प्रसिद्धही केला. लगेच प्रसिद्ध केला, हे लक्षात असू द्या. शेवटी मला तिथेच यायचंय.

१९३७ मध्ये त्यांनी व्हिनाइल पॉलिमरीकरणात साखळी-हस्तांतरणाची कल्पना मांडली: वाढणारी साखळी आपली क्रियाशीलता दुसऱ्या रेणूकडे देऊन थांबते, आणि तो रेणू नवी साखळी सुरू करतो. आज रेणुभार आवरण्यासाठी मर्कॅप्टन ही गंधकयुक्त संयुगं टाकतात ते याच तत्त्वावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅरोदर्स यांनी आत्महत्या केली, आणि १९३८ मध्ये फ्लोरींनी ड्युपाँट सोडून सिनसिनाटी विद्यापीठाची मूलभूत विज्ञान संशोधन प्रयोगशाळा गाठली.

सिनसिनाटीचा मुक्काम दोनच वर्षांचा, पण जेलचा सिद्धांत तिथला. ग्लिसरॉलसारखा तीन हातांचा रेणू आणि दोन टोकांचं आम्ल एकत्र तापवलं की मिश्रण बराच वेळ वाहतं राहतं आणि मग एकदम थिजतं. कधी थिजणार? रेझिन बनवणाऱ्याला हे माहीत हवंच, नाहीतर रिअॅक्टरमध्येच दगड होतो. कॅरोदर्सचं उत्तर होतं: संख्या-सरासरी रेणुभार अनंत होईल तेव्हा. ग्लिसरॉल आणि द्विआम्ल नेमक्या प्रमाणात घेतले तर ते ०.८३३ इतक्या रूपांतरणाला, म्हणजे ८३.३ टक्के टोकं जुळल्यावर येतं. प्रत्यक्षात जेल ०.७६५ च्या आसपास होतं, म्हणजे कॅरोदर्सवर विसंबणारा फसतो, कारण दगड त्याच्या अंदाजाच्या आधीच तयार होतो. फ्लोरी म्हणाले, संख्या-सरासरीकडे बघूच नका. भांड्यात असंख्य लहान रेणू शिल्लक असतानाच एक भांडंभर पसरलेला रेणू तयार होतो. वजन-सरासरी अनंत होते, संख्या-सरासरी छोटीच राहते. त्यांच्या सूत्राने उत्तर येतं ०.७०७. तेही प्रयोगाशी तंतोतंत जुळत नाही, पण चूक सुरक्षित बाजूची आहे आणि तिचं कारणही कळतं: काही टोकं आपल्याच रेणूच्या दुसऱ्या टोकाला जुळून वलयं करतात आणि फुकट जातात. मला हा सिद्धांत विशेष आवडतो तो यासाठी की कशामुळे चुकतो हे तो स्वतःच सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ पुढे ज्याला पर्कोलेशन (सुटे तुकडे जुळत जाऊन एकदम आरपार जाळं होणं) म्हणू लागले त्याचं एक रूप १९४१ मध्ये रेझिनच्या प्रश्नातून आधीच उभं राहिलं होतं.

१९४० मध्ये फ्लोरी पुन्हा कंपनीत गेले, न्यू जर्सीत स्टँडर्ड ऑइलच्या विकास प्रयोगशाळेत. आता विषय रबर. युद्धाच्या ढगांमुळे कृत्रिम रबर हा राष्ट्रीय प्रश्न होऊ लागला होता, आणि १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडिज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा बहुतांशी तुटला. या प्रयोगशाळेत ब्यूटाइल रबरवर काम चाललं होतं. रबर द्रावकात का फुगतं, किती फुगतं, किती विरघळतं, हे प्रश्न रोजचे होते.

इथे दोन गोष्टी आल्या. पहिली आज फ्लोरी-हगिन्स सिद्धांत म्हणून ओळखली जाते. कोडॅकमधले मॉरिस हगिन्स आणि फ्लोरी यांनी १९४१ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ तेच मांडलं. (हगिन्सही कंपनीतलेच, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने टिपून ठेवा.) चौकटींची एक जाळी कल्पायची, एका चौकटीत एक द्रावक-रेणू किंवा साखळीची एक कडी. साखळीच्या कड्या सलग चौकटींत बसायला हव्यात, म्हणून मांडण्यांची संख्या प्रचंड कमी होते. मिसळण्याची एन्ट्रॉपी (म्हणजे शक्य मांडण्यांचं माप) त्यामुळे मोल-अंशांऐवजी आकारमान-अंशांत येते आणि पॉलिमरच्या वाट्याची एन्ट्रॉपी साखळीच्या लांबीने भागली जाते. कड्या आणि द्रावक यांच्यातल्या आवडीनिवडीचा हिशेब χ (ग्रीक अक्षर, उच्चार 'काय') या एकाच आकड्यात. χ ०.५ च्या खाली असेल तर कितीही लांब साखळी विरघळते. वर गेला की लांब साखळ्या आधी बाहेर पडतात.

एन्ट्रॉपी लांबीने भागली जाते याचा एक परिणाम आज प्लास्टिकच्या पुनर्वापरात काम करणाऱ्या प्रत्येकाला छळतो. दोन्हीकडे लांब साखळ्या असतील तर मिसळण्यातून मिळणारी एन्ट्रॉपी जवळजवळ शून्य, आणि मग किंचितशी नावडही दोघांना वेगळं करायला पुरते. पॉलिथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन दोन्ही निव्वळ हायड्रोकार्बन, तरी वितळवून एकत्र केले की एकजीव होत नाहीत. यंत्र कितीही चांगलं आणा, ही अडचण यंत्राची नव्हे.

सिद्धांताचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि फ्लोरींनाही होते. χ हा स्थिरांक म्हणून मांडला, तो प्रत्यक्षात सांद्रतेप्रमाणे बदलतो. विरल द्रावणात साखळ्या एकेकट्या ढगांसारख्या असतात, जाळीभर सारख्या पसरलेल्या नसतात, म्हणून तिथे हे चित्र लागू पडत नाही. तरी आजही मिश्रणांचा आराखडा करताना पहिला अंदाज याच सूत्राने घेतात.

दुसरी गोष्ट १९४३ ची, सहकारी जॉन रेनर यांच्याबरोबरची. व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे साखळ्या गाठींनी एकमेकींना जोडून जाळं केलेलं रबर द्रावकात विरघळत नाही, फुगतं. द्रावक आत शिरू पाहतो, ताणलेलं जाळं त्याला बाहेर ढकलतं, आणि दोन्ही समतोल झाले की फुगणं थांबतं. म्हणजे नुसतं किती फुगलं ते वजन करून जाळ्यातल्या दोन गाठींमधली साखळी किती लांब ते काढता येतं. तराजू, टोल्युइन आणि एक-दोन दिवसांचा धीर, एवढंच सामान. हा प्रयोग मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात देतो, कारण यात भौतिक रसायन आहे आणि हात साफ आहे की नाही तेही कळतं: टोल्युइनमधून काढलेला तुकडा टिपून वजन करेपर्यंत त्याचं वजन घटत असतं, रेंगाळलात की आकडा गेला. दुसरी जागा जिथे मंडळी घसरतात ती काजळीची. टायरच्या रबरात काजळी भरलेली असते, ती फुगत नाही. तिचं आकारमान वजा न करता पुस्तकातला χ टाकून गाठींची घनता सांगणारे अहवाल मी पुष्कळ पाहिलेत, आणि ते तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात.

१९४३ ते १९४८ फ्लोरी अॅक्रनला गुडइयरमध्ये होते, मूलभूत संशोधनाच्या एका छोट्या गटाचे प्रमुख म्हणून. तिथे साखळ्यांच्या सुट्या टोकांचा विचार झाला: जाळ्यात ज्या साखळीचं एक टोक मोकळं, ती ताण घेत नाही, म्हणून व्हल्कनाइझ करण्याआधीचा रेणुभार कमी असेल तर रबराची ताकदही कमी.

मग कॉर्नेल. १९४८ मध्ये पीटर डिबाय यांच्या विभागाने त्यांना व्याख्यानमालेसाठी बोलावलं आणि त्याच वर्षी ते तिथे प्राध्यापक झाले. त्या व्याख्यानांतून १९५३ चं 'प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री' हे पुस्तक उभं राहिलं. पण या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट १९४९ ची आहे.

एकमेकांत न अडणाऱ्या कड्यांची काल्पनिक साखळी यदृच्छ चालीसारखी, म्हणजे प्रत्येक पाऊल वाटेल त्या दिशेला टाकल्यासारखी वेटोळते. दहा हजार पावलांची साखळी असेल तर तिची दोन टोकं सरासरी शंभर पावलं दूर, म्हणजे वर्गमुळाइतकी. पण खऱ्या दोन कड्या एका जागी राहू शकत नाहीत. त्यामुळे साखळी फुगायला हवी, किती? वर्नर कून यांनी हा परिणाम १९३४ मध्येच ओळखला होता. फ्लोरींनी त्याला दोन ओळींत बसवलं. एक पद कड्यांमधल्या अपकर्षणाचं: कड्यांच्या संख्येचा वर्ग भागिले आकाराचा घन. दुसरं साखळी ताणण्याच्या एन्ट्रॉपीचं: आकाराचा वर्ग भागिले कड्यांची संख्या. दोघांची बेरीज सर्वांत कमी कुठे होते ते काढा. आकाराचा पाचवा घात कड्यांच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात येतो, म्हणजे घातांक ३/५. दहा हजार पावलांच्या साखळीला शंभरऐवजी सुमारे अडीचशे.

गंमत अशी की हे गणित काटेकोर नाही. पुढे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर-जिल द जेन यांनी १९७२ मध्ये हाच प्रश्न चुंबकांच्या क्रांतिक बिंदूच्या गणिताशी जोडला आणि त्या मार्गाने घातांक ०.५८८ निघाला. फ्लोरींचा ०.६. फरक दोन टक्के. द जेननीच दाखवून दिलं की फ्लोरींच्या दोन्ही पदांत अतिशयोक्ती आहे आणि त्या दोन चुका एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. म्हणून काही जण याला सुदैव म्हणतात. मला ते पटत नाही. एकाच माणसाला असं सुदैव एस्टर, जेल, द्रावण, वितळ अशा ठिकाणी सलग लाभत नसतं. प्रयोगाची आकडेवारी त्यांच्या हाताखाली इतकी होती की कुठलं ढोबळ चित्र टिकणार याचा वास त्यांना येत असावा.

याच कामातून थीटा तापमान आलं. द्रावक जेमतेम चांगला असेल तर एका विशिष्ट तापमानाला कड्यांचं आपसांतलं आकर्षण आणि जागा अडवण्याचं अपकर्षण एकमेकांना रद्द करतात, आणि साखळी काल्पनिक साखळीसारखी वागते. सायक्लोहेक्झेनमधल्या पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे ३४.५ अंश सेल्सिअस. तिथे साखळीचा आकार द्रावकामुळे बिघडलेला नसतो, म्हणून कड्यांमधले कोन आणि वळणं यांचा परिणाम स्वच्छ मोजता येतो. थॉमस फॉक्स यांच्याबरोबर फ्लोरींनी श्यानतेचाही (द्रावणाच्या वाहण्यातल्या घट्टपणाचाही) असाच हिशेब लावला: स्वाभाविक श्यानता, म्हणजे पॉलिमरमुळे द्रावणाला येणारा घट्टपणा, म्हणजे साखळीने व्यापलेलं आकारमान भागिले रेणुभार. आता घातांक लावून बघा. थीटाला आकार रेणुभाराच्या ०.५ घाताने वाढतो, त्याचं तिप्पट १.५, वजा १, उरला ०.५. चांगल्या द्रावकात ०.६ चं तिप्पट १.८, वजा १, उरला ०.८. श्यानता आणि रेणुभार जोडणाऱ्या मार्क-हौविंक समीकरणातला जो घातांक तुम्ही बी.एस्सी.ला पाठ केलात आणि जो ०.५ ते ०.८ मध्ये का असतो हे कुणी सांगितलं नाही, तो हा. जी.पी.सी.चं सार्वत्रिक अंशांकनही याच विचारावर उभं आहे, की श्यानता गुणिले रेणुभार सारखा असेल तर दोन वेगळे पॉलिमर स्तंभातून एकाच वेळी बाहेर येतात.

त्या विचाराचा पुढचा टप्पा अनेकांना पटला नव्हता. फ्लोरी म्हणाले, द्रावक अजिबात नसलेल्या वितळात साखळी फुगणार नाही, ती थेट काल्पनिक साखळीसारखी राहील. खच्चून भरलेल्या गाडीत हातपाय पसरून जागा मिळत नाही, सगळीकडे माणसंच. तसं इथे फुगून कडी स्वतःच्या कड्यांपासून दूर गेली तरी दुसऱ्या साखळीच्या कड्यांवरच आदळणार. फुगण्यात फायदाच नाही. हे विधान एवढं विचित्र वाटे की काचेसारख्या पॉलिमरात साखळ्या जुड्यांनी रचलेल्या असतात असं मानणारी मंडळी कितीतरी वर्षं ठाम होती. तपासायचं कसं, हा खरा प्रश्न होता. सगळ्या साखळ्या सारख्याच, त्यातली एक कशी बघणार? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या अणुभट्ट्यांवर न्यूट्रॉन-प्रकीर्णन (न्यूट्रॉन सोडून ते नमुन्यातून कसे विखुरतात ते मोजणं) करता येऊ लागलं. काही साखळ्यांतल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातला की न्यूट्रॉनला त्या वेगळ्या दिसतात. आकार मोजले गेले, आणि ते थीटा द्रावकातल्या आकाराशी जुळले. कागदावरचं विधान वीस वर्षांहून जास्त काळाने खरं ठरलं.

१९५६ मध्ये त्यांनी ताठ, काडीसारख्या रेणूंचा हिशेब केला. काड्या पुरेशा लांब आणि द्रावण पुरेसं दाट असेल तर आकर्षण नसतानाही त्या एका दिशेने लागतात, निव्वळ जागा पुरावी म्हणून. १९६५ मध्ये ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना ताठ साखळीच्या पॉलिअमाइडचं गढूळ, पातळ द्रावण मिळालं, आणि त्या वाटेने केव्हलार हा अतिशय मजबूत धागा आला. फ्लोरींनी केव्हलार शोधलं असं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका. पण त्या द्रावणात काय चाललंय हे समजायला त्यांचा लेख आधीच तयार होता.

१९५७ ला पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन संचालक, १९६१ पासून स्टॅनफर्ड. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी दिशा उलटी केली. आधी कड्यांचं रसायन बाजूला ठेवलं होतं, आता तेच आत आणलं. पॉलिथिलिनमधला प्रत्येक बंध तीनपैकी एका स्थितीत असतो, एक सरळ आणि दोन वळलेल्या, आणि शेजारच्या बंधाची स्थिती यावर परिणाम करते. मॅट्रिक्स गुणाकाराने हे मोजता येतं. ही कल्पना आधी लेनिनग्राडमध्ये मिखाइल वोल्केनश्टाइन यांच्या गटात रुजली होती; फ्लोरींनी ती एकेका खऱ्या पॉलिमरवर चालवून दाखवली. बंधकोन पाळून बाकी मोकळं फिरू दिलं तर पॉलिथिलिनचा ताठपणा दर्शवणारा आकडा सुमारे २ येतो. प्रयोगात १४० अंशांना तो सुमारे ६.७ आहे. वळलेल्या स्थितींची किंमत आणि शेजाऱ्यांचा अडथळा धरला की हिशेब तिथे पोचतो.

स्फटिकांच्या बाबतीत मात्र त्यांचा हेका जरा जास्त झाला. १९५७ मध्ये ब्रिस्टलला अँड्र्यू केलर यांना पॉलिथिलिनचे एकस्फटिक मिळाले: साधारण दहा नॅनोमीटर जाडीच्या चकत्या, आणि साखळ्या त्यांना काटकोनात. इतकी लांब साखळी इतक्या पातळ चकतीत बसायची तर ती पृष्ठभागावर परत वळायलाच हवी. केलर म्हणत, शेजारीच वळते. फ्लोरी म्हणत, कुठेही शिरते. वितळातून गोठलेल्या नमुन्यांबाबत न्यूट्रॉनचे आकडे फ्लोरींच्या बाजूने झुकले, कारण गोठताना साखळीचा एकूण आकार फारसा बदलत नाही. पण सगळ्याच साखळ्या चकतीबाहेर अस्ताव्यस्त गेल्या तर तिथली घनता अशक्य होईल, म्हणून काही प्रमाणात घट्ट वळणं लागतातच. अडचण फ्लोरींनाही ठाऊक होती. तरी वाद कडवट झाला, आणि त्या काळातले लेख वाचताना विज्ञानाइतकाच स्वभावही दिसतो. तोच स्वभाव त्यांनी नोबेलनंतर सोव्हिएत संघात छळ होणाऱ्या सहव्यावसायिकांसाठी उभं राहताना वापरला, आणि तिथे तो शोभला.

आता तुमची नोकरी.

फ्लोरी कंपन्यांत एकूण बारा वर्षं होते: ड्युपाँटमध्ये चार आणि तेल व टायरच्या प्रयोगशाळांत मिळून आठ. साखळ्यांच्या लांबीचं वाटप, साखळी-हस्तांतरण, द्रावणाचा सिद्धांत, फुगण्याचं समीकरण हे सगळं त्यातलं. कॉर्नेलला गेले तेव्हा निम्मा विषय खिशात होता. त्यामुळे कंपनीत गेलं की मूलभूत विज्ञान सुटतं हे विधान नियम म्हणून खोटं आहे. माझं म्हणणं याहून पुढे जातं: हे प्रश्न विद्यापीठात बसून त्यांना सुचले नसते. त्या काळच्या विद्यापीठांत पॉलिमरला फारशी प्रतिष्ठा नव्हती. कारखान्यात मात्र रेझिन कधी थिजणार, रबर किती फुगणार, हे रोज कुणीतरी विचारत होतं, आणि मोजायला नमुन्यांचा ढीग होता.

पण म्हणून नोकरी घ्या असं मी सांगणार नाही. स्टाइनसारखा माणूस वर बसून मूलभूत कामाला पैसे देतोय आणि निष्कर्ष छापू देतोय, ही परिस्थिती आज दुर्मीळ आहे. आजच्या बहुतेक संशोधन विभागांत कामाची मुदत तिमाहीची असते आणि निष्कर्ष पेटंट किंवा गुपित म्हणून कपाटात जातात. छापलं नाही तर तुमच्या चुका कुणी दाखवत नाही. फ्लोरींची बारा वर्षं फळली ती छापता आलं म्हणून, असं मी धरून चालतो. आणि ते आले तेव्हा पीएच.डी. होती, एखाद्या विषयाच्या तळाशी कसं जायचं ते शिकून आले होते, मग तो विषय नायट्रिक ऑक्साइड का असेना. तुमच्या जागी मी असतो तर आधी पीएच.डी. केली असती, शक्य तर असा मार्गदर्शक शोधून ज्याच्याकडे उद्योगातले नमुने आणि तक्रारी येतात.

तरी नोकरीच घ्यायची असेल तर मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत या विभागातून कोणते लेख छापून आले? त्यातले कुणी तुमच्याइतक्या नवख्या माणसाने लिहिलेत का? श्यानतामापक, जी.पी.सी., प्रकीर्णनाचं यंत्र तुम्ही स्वतः चालवणार की नमुना तंत्रज्ञाकडे पाठवून आकडा ई-मेलने येणार? ठरलेल्या कामाबाहेर एखादा आकडा का जुळत नाही हे बघायला आठवड्यातला थोडा वेळ मिळतो का, आणि तो खरोखर कुणी वापरतं का? समोरचा माणूस या शेवटच्या प्रश्नाला उदाहरण देऊन उत्तर देऊ शकला तर तिथे जायला हरकत नाही.